डबा बदलला, गट तोच राहिला: डावणी औषधाला दाद का देत नाही?



गोडी छाटणीची धामधूम सुरू आहे. आजचा मेसेज नेहमीपेक्षा लांब आहे. आत्ता वेळ नसेल तर सेव्ह करून ठेवा आणि रात्री जेवण झाल्यावर निवांत वाचा. पण डावणीची औषधं आणायला दुकानात जाण्याआधी नक्की वाचा. घरात फवारणीचं जो बघतो, त्यालाही वाचायला द्या.

*मागच्या हंगामातली एक वही*

मागच्या वर्षी आपल्या एका सभासदाचा फोन आला. "साहेब, चार फवारण्या झाल्या. दर वेळी औषध बदललं. महागातलं महाग आणलं. तरी पानामागे पांढरी बुरशी तशीच आहे, आता घडावर उतरलीय. औषधं बोगस येतायत का?"

आम्ही त्यांची फवारणीची वही मागवली. त्यात असं होतं:

पहिली फवारणी: अ‍ॅझॉक्सिस्ट्रोबिन
दुसरी: फॅमोक्झाडोन + सायमोक्झॅनिल
तिसरी: फेनामिडॉन + मॅन्कोझेब
चौथी: पायराक्लोस्ट्रोबिन + मेटिराम

चार कंपन्या, चार डबे, चार रंग. शेतकऱ्याने आपल्या परीने औषध बदललं होतं, त्यात त्याची चूक नाही. पण अ‍ॅझॉक्सिस्ट्रोबिन, फॅमोक्झाडोन, फेनामिडॉन आणि पायराक्लोस्ट्रोबिन हे चारही घटक *एकाच गटातले* आहेत. बुरशीवर ते एकाच जागी घाव घालतात. म्हणजे बुरशीच्या दृष्टीने एकच औषध लागोपाठ चार वेळा मारलं गेलं. जोडीला सायमोक्झॅनिल, मॅन्कोझेब आणि मेटिराम होतं, त्यांनी थोडा हात दिला म्हणून सगळी बाग गेली नाही. तरी निम्मे घड काढून टाकावे लागले.

औषध बोगस नव्हतं. त्या प्लॉटमधली डावणी त्या गटाला दाद देईनाशी झाली होती. हे कसं होतं, ते एकदा नीट समजून घेऊ. समजलं की काय करायचं ते आपोआप कळतं.

*बुरशी "सरावते" म्हणजे नक्की काय होतं?*

आपण बोलताना म्हणतो, "बुरशी औषधाला सरावली." माणूस तिखटाला सरावतो, तसं काहीतरी आपल्या डोळ्यासमोर येतं. प्रत्यक्षात तसं होत नाही. जो बीजाणू औषधाने मरायचा तो मरतोच, तो काही शिकत नाही. पण लाखो बीजाणूंमध्ये दोन-चार असे असतात की त्यांच्यावर ते औषध मुळातच चालत नाही. ते आपल्या फवारणीआधीपासून बागेत असतात. फवारणीने बाकीचे मरतात, हे दोन-चार उरतात आणि रिकाम्या झालेल्या पानावर त्यांचीच पिलावळ वाढते.

म्हणजे औषध बुरशीला बदलत नाही, तर *निवडतं*. आपण बियाण्यासाठी चांगली कणसं बाजूला काढतो ना, तसंच. फरक एवढाच की इथे आपण नकळत चिवट बुरशीचं बियाणं निवडत असतो.

कागदावर एक हिशोब मांडून बघू. आकडे समजण्यापुरते घेतले आहेत.

समजा बागेत डावणीचे १० लाख बीजाणू आहेत. त्यात फक्त १० चिवट आहेत. औषध साध्या बीजाणूंपैकी शंभरात ९५ मारतं, चिवट एकही मारत नाही. दोन फवारण्यांच्या मध्ये उरलेले २० पट वाढतात.

पहिली फवारणी: साधे उरले सुमारे ५० हजार, चिवट १०. वाढून झाले साधे १० लाख, चिवट २००.
दुसरी फवारणी: साधे ५० हजार, चिवट २००. वाढून चिवट झाले ४ हजार.
तिसरी फवारणी: साधे ५० हजार, चिवट ४ हजार. वाढून चिवट झाले ८० हजार.
चौथी फवारणी: साधे ५० हजार, *चिवट ८० हजार.*

बघा, तिसऱ्या फवारणीपर्यंत आपल्याला काहीच जाणवलं नाही. औषध "मस्त चाललं". चौथ्या फवारणीनंतर मात्र बागेत चिवट बुरशीचं राज्य आलं. म्हणून शेतकरी म्हणतो, "औषध अचानक काम करेना." ते अचानक नसतं. पहिल्या फवारणीपासून त्याची तयारी चालू असते.

डावणीत हा खेळ फार वेगाने होतो. पानावर पाणी आणि हवेत ओल असली की तिचे बीजाणू त्या पाण्यात पोहत पानामागच्या छिद्रांतून आत शिरतात. चांगलं हवामान मिळालं तर आठवड्याच्या आत तेलकट डाग दिसतो आणि मागच्या बाजूला नवे बीजाणू तयार होतात. एका हंगामात अशा कितीतरी पिढ्या. २०१९ चा ऑक्टोबर-नोव्हेंबरचा पाऊस आठवतोय ना? अशा वर्षात पिढ्याही जास्त होतात आणि फवारण्याही. निवड दुप्पट वेगाने होते.

*बुरशी वाचते कशी?*

औषध ही किल्ली समजा आणि बुरशीच्या शरीरात तिला बसणारं एक कुलूप. चिवट बुरशी चार तऱ्हेने वाचते:

१) *कुलूपच बदलतं.* किल्ली बसत नाही. गट ११ च्या औषधांबाबत हेच होतं. बुरशीला ऊर्जा देणारं एक प्रथिन असतं, त्यात १४३ व्या जागेवरचा एकच दुवा बदलतो. एवढ्याने त्या गटातलं कुठलंच औषध तिथे धरत नाही.
२) *कुलपं वाढतात.* बुरशी तेच कुलूप जास्त संख्येने बनवते. नेहमीच्या मात्रेतल्या किल्ल्या कमी पडतात.
३) *औषध उपसून टाकते.* घरात शिरलेलं पाणी आपण बादलीने बाहेर काढतो, तसं आत आलेलं औषध बुरशी बाहेर फेकते.
४) *औषध मोडून टाकते.* आत आल्यावर त्याचे तुकडे करून ते निकामी करते.

यात एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. पहिल्या तऱ्हेत कुलूपच बदललं असेल तर *डोस वाढवून काही उपयोग नाही.* दीडपट, दुप्पट टाका, किल्ली बसणारच नाही. पैसे जातील आणि मण्यात रेसिड्यू येईल तो वेगळाच.

उलट भुरीसाठी आपण जी "कोनॅझोल" औषधं वापरतो (गट ३), त्यांच्याबाबत बुरशी एकदम न सुटता पायरी-पायरीने सैल होत जाते. तिथे *कमी डोस* घातक. अर्ध्या मात्रेत अर्धवट चिवट बुरशी वाचते आणि पुढची पायरी चढते. म्हणून लेबलवरचा डोस कमीही करू नका, वाढवूही नका.

*हे आपल्याकडेच होतंय का?*

नाही. सगळ्या जगात झालंय, आणि आपल्याकडेही झालंय.

मेटालॅक्झिल हे औषध १९७० च्या दशकाच्या शेवटी बाजारात आलं. बटाट्याच्या उशिरा येणाऱ्या करप्यावर ते जादूसारखं चालायचं, म्हणून युरोपात काही ठिकाणी एकटंच, वारंवार मारलं गेलं. १९८० मध्येच आयर्लंड आणि नेदरलँड्समध्ये ते फसलं. तेव्हापासून ते मॅन्कोझेबसारख्या औषधाबरोबर जोडून विकायची पद्धत पडली. आज तुमच्या हातातल्या पुड्यात ही जोडी दिसते, तिच्यामागे त्या शेतकऱ्यांचं नुकसान आहे.

गट ११ ची औषधं १९९६ मध्ये बाजारात आली. दोनच वर्षांत, १९९८ ला, जर्मनीत गव्हाच्या भुरीवर ती फसायला लागली.

आणि महाराष्ट्र? आपल्या राज्यातल्या द्राक्षबागांमधली डावणी गट ११ ला दाद देत नाही, याची शास्त्रीय नोंद २०१६ मध्येच प्रसिद्ध झाली आहे. पुढच्या वर्षी गट ४० बद्दलही तशी नोंद आली. म्हणजे वर सांगितलेली वही ही काही एकट्या-दुकट्याची गोष्ट नाही.

आता याच्या उलट उदाहरण बघा. फ्रान्सच्या बोर्डो भागात मिलार्डे नावाच्या शास्त्रज्ञाने १८८५ मध्ये मोरचूद आणि चुन्याचं मिश्रण डावणीवर चालतं हे जाहीर केलं. आपण आजही तेच बोर्डो वापरतो आणि ते आजही चालतं. का? कारण तांबं बुरशीच्या एका नाही, अनेक जागांवर एकदम घाव घालतं. एक कुलूप बदलून भागत नाही. मॅन्कोझेब आणि गंधकाचंही तसंच. ही औषधं पानाच्या आत शिरत नाहीत, पावसाने धुऊन जातात, लागलेला रोग बरा करत नाहीत, हे खरं. पण महागडी आंतरप्रवाही औषधं जास्त वर्षं टिकवायची असतील तर या जुन्या औषधांची सोबत लागतेच.

*डब्यावरचं नाव नको, गट बघा*

ब्रँडचं नाव मोठ्या अक्षरात असतं. खाली बारीक अक्षरात घटकाचं नाव असतं, ते वाचा. बुरशीनाशकांच्या प्रतिकारावर काम करणारी "फ्रॅक" ही आंतरराष्ट्रीय समिती प्रत्येक घटकाला गट क्रमांक देते. एकाच क्रमांकाची औषधं बुरशीला सख्ख्या भावांसारखी: एकाला दाद दिली नाही तर सहसा दुसऱ्यालाही देत नाही.

_डावणीसाठी_
गट ४: मेटालॅक्झिल, मेटालॅक्झिल-एम
गट ११: अ‍ॅझॉक्सिस्ट्रोबिन, पायराक्लोस्ट्रोबिन, फॅमोक्झाडोन, फेनामिडॉन
गट २१: सायाझोफॅमिड, अमिसुलब्रोम
गट २७: सायमोक्झॅनिल
गट ४०: डायमेथोमॉर्फ, मँडिप्रोपामिड, इप्रोव्हॅलिकार्ब
गट ४३: फ्लुओपिकोलाइड
गट ४५: अमेटोक्ट्राडिन
गट ४९: ऑक्झाथायापिप्रोलिन
एम गट (अनेक जागी घाव घालणारी): बोर्डो व इतर तांबंयुक्त औषधं, मॅन्कोझेब, मेटिराम, प्रोपिनेब

_भुरीसाठी_
गट ३: हेक्झाकोनॅझोल, डायफेनकोनॅझोल, टेट्राकोनॅझोल, मायक्लोब्युटॅनिल
गट ७: फ्लुओपायराम, फ्लुक्सापायरोक्झाड, बॉस्कॅलिड
गट ११: क्रेसॉक्झिम मिथाइल, ट्रायफ्लॉक्सिस्ट्रोबिन, अ‍ॅझॉक्सिस्ट्रोबिन
गट ५०: मेट्राफेनोन
एम गट: गंधक

ही यादी गट ओळखण्यासाठी आहे, फवारणीचं वेळापत्रक नाही. औषध घेताना लेबलवर द्राक्ष आणि तो रोग लिहिलाय का बघा. निर्यातीची बाग असेल तर राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राची चालू हंगामाची यादी आणि काढणीपूर्वीचे दिवस तपासल्याशिवाय काहीही मारू नका. मॅन्कोझेब कधी थांबवायचं, हेही तिथेच बघा किंवा आम्हाला विचारा.

दोन ठिकाणी बरेच जण फसतात:

👉 *गट ११ दोन्ही यादीत आहे.* भुरीसाठी क्रेसॉक्झिम मारलं तरी बागेतल्या डावणीची निवड होतेच. म्हणून गट ११ चा हिशोब दोन्ही रोगांचा मिळून धरा.

👉 *कोनॅझोल डावणीवर चालत नाही.* डावणी आणि भुरी या मुळात वेगवेगळ्या कुळातल्या. शास्त्रज्ञ डावणीला खरी बुरशी मानतच नाहीत. कोनॅझोल ज्या जागी घाव घालतं ती जागा डावणीत कामाचीच नाही. हेक्झाकोनॅझोलने डावणी गेली नाही तर तो प्रतिकार नव्हे, तो आपला पैसा पाण्यात.

*मग करायचं काय?*

१) *रोग दिसण्याआधी फवारा.* डाग दिसल्यावर बागेत बीजाणू करोडोंनी असतात आणि त्यात चिवट असण्याची शक्यताही तेवढीच वाढते. पावसाचा अंदाज असेल तर आधीचं संरक्षण महत्त्वाचं. पोंगा अवस्थेपासून मणी सेट होईपर्यंत डोळ्यात तेल घालून बघा.

२) *एका गटाच्या सलग दोन फवारण्या नकोत.* आपल्या कंपनीचा नियम: एक आंतरप्रवाही गट हंगामात जास्तीत जास्त दोनदा, तोही सलग नाही. गट ११ डावणीसाठी मोजूच नका.

३) *आंतरप्रवाही औषध एकटं मारू नका.* जोडीला एम गटातलं औषध पूर्ण मात्रेत हवं. तयार मिश्रण घेतलं तर दोन्ही घटकांचे गट वहीत लिहा.

४) *जोडीदार खरंच कामाचा आहे का बघा.* दोन आंतरप्रवाही घटकांपैकी एकाला बुरशी आधीच दाद देत नसेल, तर दुसरा एकटाच लढतोय. मग त्याचंही तेच होणार.

५) *बुरशीची संख्याच कमी ठेवा.* छाटणीनंतर पडलेली पानं, काड्या बागेबाहेर काढा, कारण डावणी जुन्या पानांत दबून राहते. ओलांडे व खोडावर १ टक्का बोर्डो घ्या: १०० लिटर पाण्याला १ किलो मोरचूद आणि १ किलो चांगला कळीचा चुना. मिश्रणात लोखंडी विळा बुडवून बघा, तांबूस थर चढला तर चुना आणखी हवा. दाटी विरळ करा, जादा फुटवे वेळेवर काढा. जिथे हवा खेळते तिथे पान लवकर सुकतं, आणि सुक्या पानावर डावणी उगवत नाही. या कामाला कुठलीच बुरशी सरावत नाही.

६) *शेजाऱ्याशी बोला.* डावणीचे बीजाणू वाऱ्याने जातात, त्यांना बांध कळत नाही. तुम्ही गट बदलले आणि शेजारच्या प्लॉटवर एकच गट पाच वेळा मारला, तर तिथली चिवट बुरशी तुमच्याकडे येणारच. शिवारात चार-पाच जण मिळून एकच वेळापत्रक ठरवा.

*औषध फसलं की लगेच "प्रतिकार" म्हणू नका*

आधी हे तपासा: फवारणीनंतर लगेच पाऊस झाला का? नोझल झिजलेत का? ब्लोअरचं औषध पानाच्या मागच्या बाजूला आणि घडाच्या आत पोचलं का? पाणी कमी वापरलं का? एकरी मात्रा बरोबर होती का? टाकीत पाच-सहा गोष्टी एकत्र मिसळल्या होत्या का? उशीर झाला होता का? रोग नक्की डावणीच होता ना?

हे सगळं बरोबर असूनही ताजे डाग येत असतील तर तोच गट पुन्हा मारू नका. वही घेऊन आमच्याशी किंवा जवळच्या कृषी विज्ञान केंद्राशी बोला. ताज्या डागाच्या पानांचा नमुना कसा द्यायचा ते सांगू.

*हे बागेपुरतं राहत नाही*

गट ३ च्या औषधांचे चुलतभाऊ दवाखान्यातही असतात. फुप्फुसाच्या गंभीर बुरशी-संसर्गावर इट्राकोनॅझोल, व्होरिकोनॅझोल ही औषधं देतात. हा संसर्ग करणारी अ‍ॅस्परजिलस बुरशी मातीत आणि कुजणाऱ्या काडीकचऱ्यात राहते. शेतात मारलेलं कोनॅझोल तिच्यापर्यंतही पोचतं. नेदरलँड्समध्ये या औषधांना न जुमानणारी अ‍ॅस्परजिलस रुग्णांमध्ये आणि निसर्गातही सापडली. भारतातही मातीत ती आढळल्याची नोंद २०१२ ची आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये सर्वात चिंतेच्या बुरशींची यादी काढली, त्यात वरच्या गटात ती आहे. तेव्हा गरज नसताना "एक कोनॅझोल टाकून ठेवू" ही सवय सोडलेली बरी.

*या आठवड्यातलं काम*

फवारणीच्या वहीत तारीख, औषध आणि डोस या रकान्यांशेजारी एक नवा रकाना आखा: *गट.* मागच्या हंगामाच्या फवारण्या वरची यादी बघून त्यात भरा. कुठला गट किती वेळा आला ते मोजा. त्या पानाचा फोटो कंपनीच्या नंबरवर पाठवा. घटकाचं नाव वाचता येत नसेल तर डब्याच्या लेबलचा फोटो पाठवा, गट आम्ही सांगू. त्यावरून तुमच्या प्लॉटचं या हंगामाचं वेळापत्रक सोबत बसून ठरवू.

दुकानात गेल्यावर "डावणीवर भारी काय आलंय?" असं विचारू नका. "मागच्या वेळी गट ४० मारलाय, आता दुसऱ्या गटाचं काय आहे?" असं विचारा. उधारीवर घेत असलात तरी हे विचारायचा तुमचा हक्क आहे.

नवीन औषधं रोज निघत नाहीत. जी आहेत ती जपून वापरली तर पुढची बरीच वर्षं पुरतील, नाहीतर वहीतल्या त्या चार डब्यांसारखी एकेक करून हातातून जातील.

बागेची काळजी घ्या. फवारताना मास्क, हातमोजे वापरा.

– पीक सल्ला विभाग, आपली शेतकरी उत्पादक कंपनी 🍇